जिवंत आमिष : वहीत न लिहिलेले भांडवल

होडी, इंजिन, डिझेल, बर्फ, जाळे, गळ आणि खलाशांचा वाटा. मासेमारीच्या धंद्यात उतरणारा माणूस खर्चाचा हिशेब मांडतो तेव्हा साधारणपणे एवढ्या बाबी त्याच्या वहीत येतात. परंतु गळाने मासळी धरणाऱ्यांचे आणखी एक भांडवल असते आणि ते बहुधा वहीत लिहिलेच जात नाही. ते म्हणजे जिवंत आमिष. बोटाएवढी मासळी, एखाद्या टोपलीभर कोळंबी, बादलीतली बोय. ही जिवंत राहिली तर फेरी फळाला येते. ती वाटेत मेली तर डिझेल जाते, दिवस जातो आणि होडी रिकामी परत येते.

‘मासळी नाजूकच असते, मरायचीच’ असे म्हणून आपण हा तोटा नशिबाच्या खात्यावर टाकतो. आमचे म्हणणे असे की, आमिषाची मासळी बहुतेक वेळा नशिबाने मरत नाही, उपासमारीनेही मरत नाही. ती मरते आपल्या हाताने, गर्दीने, उन्हाने आणि घाण पाण्याने, आणि तेही बहुधा पकडल्यानंतरच्या पहिल्या दिवसातच. या चारही गोष्टी आपल्या ताब्यातल्या आहेत. म्हणूनच दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात आमिष जिवंत व तरतरीत कसे ठेवावे, याची माहिती आम्ही या पानावर देत आहोत. कोळी बांधवांना ती उपयोगी पडेलच, शिवाय टाक्या बनविणाऱ्या कारागिरांना आणि किनाऱ्यावरच्या छोट्या व्यापाऱ्यांनाही तिच्यात रोजगाराची वाट दिसेल.

मिनिकॉयचा धडा

जिवंत आमिषावर सगळा धंदा उभा आहे असे आपल्या देशातील सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेट. कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर अंतरावरचे हे लक्षद्वीपचे सर्वांत दक्षिणेकडील बेट. येथील लोक मुस्लिम आहेत आणि मालदीवच्या भाषेशी एकरूप असलेली महल भाषा बोलतात. पिढ्यान्पिढ्या यांचा मुख्य धंदा टूना पकडण्याचा. टूना म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात त्या कुळातील मासळी. मिनिकॉयचे लोक त्यातील स्किपजॅक ही जात काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. ती उकडून, धुरावर धरून आणि उन्हात वाळवून लाकडासारखी टणक करतात. हीच ‘मासमीन’.

हा व्यापार किती जुना आहे याचा दाखला प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात मिळतो. तो १३४३ साली शेजारच्या मालदीव बेटांवर पोहोचला, तेथे काही काळ काझी होता, आणि उकडून धुरावर वाळविलेली तेथील मासळी हिंदुस्थान, चीन व येमेनपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

या सगळ्या व्यापाराच्या मुळाशी आहे ती दोन-चार इंचांची जिवंत मासळी. पहाटे होड्या बेटाभोवतीच्या प्रवाळांनी वेढलेल्या उथळ, शांत पाण्यात जातात. तेथे जाळे पसरून, छोटी मासळी त्यावर आणून, जाळे अलगद उचलले जाते. तारलीसारखी दिसणारी ‘होंडेली’ आणि ‘रेही’ ही त्यातील नेहमीची नावे. त्यांखेरीज प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या इतर लहान जातीही धरल्या जातात. ही मासळी होडीच्या पोटात बांधलेल्या टाकीत सोडतात. टाकीच्या तळाला भोके असतात आणि ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असतात. टाकी वापरात आली की खुंट्या काढतात. समुद्राचे ताजे पाणी खालून आत येते, जुने पाणी बाहेर काढले जाते आणि होडी चालू असेपर्यंत पाणी सतत बदलत राहते. जुन्या ‘मास ओडी’ नावाच्या शिडाच्या होड्यांपासून चालत आलेली ही युक्ती, १९६० च्या दशकात होड्यांना इंजिने बसली तरी टिकून राहिली.

टूनाचा थवा दिसला की टाकीतील मासळी मूठमूठ पाण्यात फेकतात. जिवंत मासळी घाबरून होडीच्या सावलीकडे धावते आणि तिच्या मागे टूना होडीला येऊन भिडतो. मग पाण्याचे शिंतोडे उडवून थवा मोठा असल्याचा भास निर्माण करतात आणि काठ्यांवर मासळी वर येऊ लागते. गळाला अडकण नसल्यामुळे मासळी होडीत पडताच आपोआप सुटते. हा सगळा खेळ कधी कधी काही मिनिटांचाच असतो. येथे मेलेली मासळी टाकली तर ती सरळ तळाला जाते आणि टूनाही तिच्यामागे खाली निघून जातो. म्हणजे समोर थवा असूनही हात रिकामेच. मिनिकॉयच्या कोळ्याला म्हणूनच पहिला प्रश्न पडतो तो टूना कोठे आहे हा नव्हे, तर आज आमिष किती आहे आणि त्यातले जिवंत किती आहे, हा.

मासळी मरते कशाने?

पहिले कारण इजा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तोच त्याचा अंगरखा आणि तोच रोगापासून त्याचा बचाव. कोरड्या हाताने धरले, खरखरीत जाळीने उपसले किंवा उंचावरून टाकीत ओतले की हा थर निघतो, खवले गळतात. मासा त्या वेळी पोहताना दिसतो, पण दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरे डाग पडून मरतो. होंडेली आणि रेही तर इतक्या नाजूक की, हात लागताच खवले सांडतात. म्हणून जाणते लोक मासळी पाण्यासकट बादलीने उचलतात, हवेत उघडी करीत नाहीत.

दुसरे कारण श्वास. मासाही प्राणवायू घेतो, पण पाण्यात विरघळलेला. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. समुद्राच्या पाण्यात मुळातच कमी, ३० अंशांना जेमतेम ६ मिलिग्रॅम. हे प्रमाण ५ च्या खाली जाऊ लागले की बहुतेक माशांना त्रास सुरू होतो. उलट, १० अंशांनी पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या बादलीत उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो. अशा दुकानाचे दिवाळे निघणारच.

तिसरे कारण मासळीची स्वतःची घाण. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. साठलेल्या पाण्यात तो वाढत जातो आणि पाणी गरम असेल तर त्याचे विष अधिक तीव्र होते. मेलेला मासा टाकीत राहिला तर तोच कुजून हे विष वाढवितो. एक मेलेला मासा वेळेवर न काढणे म्हणजे उरलेल्यांना मरणाचे आमंत्रण देणे होय.

चौथे कारण एकाएकी झालेला बदल. गार पाण्यातून कोमट पाण्यात, खाऱ्यातून निमखाऱ्यात, अंधारातून कडक उन्हात मासळी झटकन टाकली की तिला धक्का बसतो. नव्या टाकीतील पाणी थोडे थोडे करून जुन्या पाण्यात मिसळावे, अर्धा तास जाऊ द्यावा, मगच मासळी सोडावी.

पहिला दिवस कसोटीचा

दोन फेऱ्यांमध्ये एक-दोन दिवसांचे अंतर असेल तर उरलेल्या आमिषाचे काय करावे? उत्तम उपाय म्हणजे ते जेथून धरले तेथल्याच पाण्यात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवणे. भरती-ओहोटीने पाणी आपोआप बदलते, विजेचा खर्च नाही, पंपाची कटकट नाही.

जपानमध्ये हा एक स्वतंत्र धंदाच आहे. तेथे स्किपजॅक पकडणाऱ्या होड्यांना मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही ही मासळी आमिष म्हणून लागते. ती धरल्याबरोबर विकत नाहीत. तरंगत्या जाळ्यांत काही दिवस ठेवतात. इजा झालेली व दुबळी मासळी या काळात मरून जाते, उरलेली बंदिस्त जागेला सरावते आणि मग अशी ‘मुरलेली’ मासळी होड्यांना विकली जाते. ती लांबच्या सफरीत टिकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो बंदरातही तरंगत्या पिंजऱ्यांत तारली आणि अँकोव्ही जिवंत ठेवून गळवाल्या होड्यांना जाळीच्या मापाने विकतात. तेथेही जाणता गिऱ्हाईक काल धरलेली मासळी घेत नाही, काही दिवस मुरलेली मागतो.

यातील व्यापारी तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या दिवसाची मर विक्रेत्याने आपल्याकडे सोसायची आणि गिऱ्हाइकाला टिकाऊ माल द्यायचा. त्याची किंमत गिऱ्हाईक आनंदाने देतो. एक साधा हिशेब पाहा. समजा, कोणी १०० मासे ५०० रुपयांना घेतले. दर माशी ५ रुपये. त्यातील ४० वाटेत मेले तर उरलेले ६० मासे त्याला प्रत्येकी ८ रुपये ३३ पैशांना पडले. दुसऱ्या विक्रेत्याकडे मासा ७ रुपयांचा, पण मर जवळजवळ नाही. स्वस्त माल कोणाचा, हे गिऱ्हाइकाला फार काळ समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या खाडीकाठी

कोकणात टूनाची अशी काठीची मासेमारी नाही. पण खाडीत जिताडा, तांबोशी यांच्यासाठी जिवंत कोळंबी आणि बोय गळाला लावतात. घाटावर तळ्यांत व धरणांत मरळ धरण्यासाठी जिवंत लहान मासळी लागते. खाडीकाठी आम्ही पुष्कळदा पाहतो, ते दृश्य असे. अरुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, त्यात कोंबलेली मासळी, डबा उन्हात आणि वर घट्ट झाकण. दोन तासांत निम्मी मासळी उलटी तरंगू लागते. ही पद्धत बदलणे खर्चाचे नाही. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पाणी ज्याचे त्यालाच द्यावे. खाडीची मासळी खाडीच्या पाण्यात, तळ्याची तळ्याच्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते माशांचे कल्ले जाळते. नळाचेच पाणी वापरणे भाग असेल तर ते उघड्या पिंपात एक दिवस भरून ठेवावे, जमल्यास ढवळत राहावे. घाई असेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात क्लोरीन मारण्यासाठी हायपो मिळते, ते पाकिटावरील प्रमाणात घालावे.

भांडे पसरट व गोल असावे. पाण्याचा वरचा पृष्ठभाग जितका मोठा तितकी हवा अधिक मिसळते. चौकोनी भांड्यात थव्याने पोहणारी मासळी कोपऱ्यात गोळा होते, एकमेकांवर आपटते आणि गुदमरते. गोल भांड्यात ती फिरत राहते.

गर्दी करू नये. २० मासे लागणार असतील तर ३० घ्यावेत, १०० नव्हे. मासळी वर येऊन तोंड उघडे ठेवून हवा गिळू लागली तर तो इशारा समजावा आणि ताबडतोब निम्मे पाणी बदलावे अथवा मासळी दोन भांड्यांत वाटावी.

सावली आणि गारवा ठेवावा. भांड्यावर ओले गोणपाट टाकावे. पाणी गार करायचे तर बर्फ थेट टाकू नये. तो बहुधा नळाच्या पाण्याचा असतो आणि पाणी एकदम थंडही करतो. बाटलीत पाणी गोठवून, बूच घट्ट लावून ती बाटली पाण्यात सोडावी.

उपाशी ठेवावे. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण एक-दोन दिवस मासळीला काही न घातल्याने ती मरत नाही. प्रवासाआधी पोट रिकामे असले तर पाणी कमी घाण होते. चार-सहा दिवस ठेवायची असेल तर मात्र दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे आणि उरलेले काढून टाकावे.

रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. गाळणी असलेली टाकी घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. अमोनिया पचविणारे सूक्ष्म जीव नव्या गाळणीत तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी बदलणे हाच खरा उपाय.

गोड्या पाण्यातील मासळीला दर १० लिटर पाण्यात ३० ते ५० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घालावे. पकडण्याच्या धावपळीत माशाच्या अंगातील क्षार बाहेर जातात आणि बाहेरचे पाणी अंगात शिरते. मिठामुळे हा ताण कमी होतो. मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून मगच घालावे.

कोळंबीची तऱ्हा थोडी निराळी आहे. तिचे कल्ले ओले राहिले तर ती पाण्याबाहेरही काही काळ जगते. जपानमध्ये कुरुमा जातीची जिवंत कोळंबी थंड केलेल्या भुशात घालून बाजारात पाठवितात. आपल्याकडे खाडीच्या पाण्यात भिजविलेल्या गोणपाटात, थंड जागी, पातळ थर करून ठेवली तर फेरीपुरती कोळंबी टिकते. पाण्यात ठेवायची असेल तर आत जाळीचे तुकडे किंवा फांद्या टाकाव्यात, कारण कात टाकलेल्या मऊ कोळंबीला इतर कोळंब्या खाऊन टाकतात.

पिंजरा खाडीत बांधणाऱ्यांनी पावसाळ्यात एक काळजी घ्यावी. मोठ्या पावसानंतर गोडे पाणी वर तरंगते आणि खारे खाली राहते. वरच बांधलेल्या पिंजऱ्यातील खाऱ्या पाण्याची मासळी एका रात्रीत मरू शकते. अशा वेळी पिंजरा खोल सोडावा.

कारागिरांसाठी काम

टाकी बनविणाऱ्या कारागिराला येथे वाव आहे. फायबरची गोल टाकी, आतून गुळगुळीत, तळाला मध्यभागी निचऱ्याचे भोक, वर सैल झाकण आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप. पंपाचे पाणी बारीक भोकांच्या नळीतून फवाऱ्यासारखे वरून पडू द्यावे. पाणी फिरते आणि हवाही मिसळते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. तांब्या-पितळेच्या नळ्या व तोट्या, तसेच जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. तांबे आणि जस्त पाण्यात उतरून मासळीला विष होते. जुन्या तेलाचे किंवा औषधाचे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये.

लांबच्या गिऱ्हाइकाला मासळी पाठवायची तर मत्स्यबीजाच्या धंद्यातील जुनी पद्धत उपयोगी पडते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू, तोंड रबराने घट्ट बांधलेले आणि पिशवी खोक्यात, सावलीत. मासळी आदल्या दिवशी उपाशी ठेवलेली असावी. मत्स्यबीज विकणारे बांधव हे काम रोज करतात. त्यांच्याकडून ते शिकून घेण्यात कमीपणा नाही.

मेलेले आमिष कोणाच्या खात्यावर?

आता मुख्य गोष्ट. आमिष मेले तर नुकसान केवळ होडीवाल्याचे होत नाही. मिनिकॉयच्या कोळ्याला मासळी कमी पडली तर तो पुन्हा त्याच उथळ पाण्यात जाळे टाकतो. पण ते पाणी काही अमर्याद नाही. आमिषाची मासळी प्रवाळांच्या आसऱ्याने वाढते आणि लक्षद्वीपचे प्रवाळ समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली पांढरे पडले. प्रवाळ मेले की तेथे राहणाऱ्या लहान मासळीचा आसरा जातो. टूना खोल समुद्रात विपुल असला तरी आमिष संपले की काठीची मासेमारी थांबते. मग उरते ती मोठ्या जाळ्यांची मासेमारी. तिला भांडवल मोठे लागते आणि तिच्यात लहान कोळ्याचा टिकाव लागत नाही.

दुसरीकडे, एकेक करून धरलेल्या मासळीला जगाच्या बाजारात मान आहे. मालदीवच्या काठीने पकडलेल्या स्किपजॅकला २०१२ साली टिकाऊ मासेमारीचे एमएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि युरोपातील खरेदीदार त्या शिक्क्याकडे पाहून माल घेतात. ज्या पद्धतीला बाहेर इतकी किंमत आहे, ती घरी टाकीतल्या मेलेल्या मासळीपायी बुडावी, हे शहाणपणाचे नाही. जिवंत राहिलेला प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळातून न काढावा लागलेला एक मासा होय.

आपल्या खाडीलाही हेच लागू आहे. बोयीची पिल्ले आणि लहान कोळंबी आज बादलीत मारून टाकली तर उद्या मोठी बोय आणि मोठी कोळंबी कोठून येणार? म्हणून लागेल तेवढेच आमिष धरावे. उरलेले आणि जिवंत असलेले जेथून आणले तेथेच परत सोडावे. एका तळ्याची मासळी दुसऱ्या तळ्यात कधीही सोडू नये. तिच्याबरोबर रोग जातात आणि परकी जात तेथे माजली तर मूळची मासळी संपते. ज्यांनी तळी ठेक्याने घेतली आहेत त्यांनी तर हा नियम दारावरच लिहून ठेवावा.

आमच्या धंदेवाईक बांधवांना शेवटी एकच सूचना करावीशी वाटते. खर्चाच्या वहीत आजपासून एक नवे सदर पाडावे. आणलेले आमिष किती, दुसऱ्या सकाळी जिवंत किती, होडीवर पोहोचले तेव्हा जिवंत किती. तीन आकडे, रोज. महिनाभराने ते पाहिले की तोटा नेमका कोठे होतो ते कोणी सांगावे लागणार नाही. पकडताना, भांड्यात की वाटेत, हे वहीच सांगेल. दुकानदार रोज गल्ला मोजतो. आमिष हाही गल्लाच आहे, फक्त तो श्वास घेतो. तेव्हा तो मोजावा, सावलीत ठेवावा आणि त्याचे पाणी बदलीत राहावे.